एसीचं वर्षाचं कंत्राट: माणूस येऊन जातो, काम होत नाही

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज डोकं इतकं तापलंय की घरातले तिन्ही एसी मिळूनही ते गार करू शकणार नाहीत. त्यातला एक तर तसाही करत नाही.

घरात तीन हॉट अँड कोल्ड स्प्लिट आहेत. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. तिन्ही एकाच मेकचे, दीड टनी, एकाच दिवशी बसवलेले. बाबा ८१ वर्षांचे आहेत, त्यांना थंडी सोसत नाही आणि उकाडाही सोसत नाही. म्हणून वॉरंटी संपल्याबरोबर देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलं. वर्षाला चार भेटी. हे तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी जे गृहस्थ यायचे ते दीड-दोन तास लावायचे. खाली वर्तमानपत्रं अंथरायचे, बादली मागायचे, जाताना भिंत पुसून जायचे. आता दर वेळी नवा मुलगा, आणि तीन मशीन वीस मिनिटांत. जाळ्या नळाखाली धरायच्या, परत बसवायच्या, रिमोट दाबून समोर हात धरायचा, "गार येतंय मॅडम", की सही.

माझ्या खोलीतला एसी गेल्या उन्हाळ्यात गार करेना. "गॅस कमी झालाय." भरला. गॅस कंत्राटात बसत नाही, म्हणून बिल वेगळं. अडीच महिन्यांनी पुन्हा तेच: गॅस आणि बिल. मी विचारलं, इतक्यात संपला कसा? तर म्हणे, "वापरला की संपतो मॅडम." आता थंडीत तोच एसी धड गरम हवा देत नाही आणि बाहेरच्या युनिटवर बर्फाची लादी चढते. त्यावर उत्तर, "थंडीत असंच होतं."

परवाच्या भेटीनंतर मी तो कागद पहिल्यांदाच नीट वाचला. "आउटडोअर स्वच्छता", "गॅस प्रेशर", "वायरिंग", सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा. मुलगा बाहेरच्या युनिटपाशी गेलाच नव्हता. मी जाऊन पाहिलं. गॅसचा दाब मोजायचं गेज जिथे लावतात त्या टोपणावर कोळ्याचं जाळं जसंच्या तसं होतं, त्यात एक माशीसुद्धा वाळून गेलेली.

फोन केला तर, "आमच्या नोंदीनुसार सर्व्हिस पूर्ण आहे, आपली सही आहे."

आता मला सांगा, मी उगाच कटकट करतेय का?

सावळागोंधळ

पुढच्या वर्षीचं कंत्राट त्या कोळ्याला द्या. निदान तो युनिटजवळ असतो तरी. (हलकेच घ्या.)

हवापालट

+१. आमच्याकडे तर काम सुरू व्हायच्या आधीच ओटीपी मागतात. "आधी द्या सर, नाहीतर सिस्टीममध्ये उशीर दिसतो." आपण देतो. मग तो कशाला थांबेल?

पाना-पक्कड

याच धंद्यात हात काळे केलेत, त्यामुळे थोडं लांबेल.

"वापरला की संपतो" हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एसीतला गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, झिजत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो. एका बाजूला उकळून उष्णता उचलतो, दुसऱ्या बाजूला पुन्हा द्रव होऊन ती सोडतो. बसवला त्या दिवशी जेवढे ग्रॅम होते तेवढेच दहा वर्षांनी असले पाहिजेत. कमी झाला असेल तर तो गळतोय, दुसरं कारण नाही. अडीच महिन्यांत पुन्हा कमी होतो म्हणजे गळतीही बारीकसारीक नाही. दोन्ही वेळा गळती न शोधता गॅस भरला असेल, तर ताई, फुटक्या घागरीत पाणी भरण्याचे पैसे घेतलेत तुमच्याकडून.

थंडीतल्या बर्फाचंही नातं त्याच्याशी असू शकतं. हीट मोडमध्ये सगळं उलटं होतं. आत फोर-वे व्हॉल्व्ह असतो, तो गॅसची दिशा फिरवतो आणि बाहेरची कॉइल (गॅसच्या नळीची वेटोळी) गार होते. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणायची, तर ती हवेपेक्षा गार असावीच लागते. हवेतली वाफ तिच्यावर गोठते, एवढं चालतं. गॅस कमी असेल तर कॉइल हवी त्यापेक्षा जास्त गार होते आणि बर्फ वितळण्याआधीच साठत जातो.

मात्र एवढ्यावरून मी छातीठोकपणे "गॅसच" म्हणणार नाही. काही गोष्टी बघून सांगा. बाहेरच्या युनिटवरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, ते काय आहे? दोन्ही पाइप जिथे जोडलेत तिथल्या पितळी नटांभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग आहे का? गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (गॅस दाबणाऱ्या पंपाचं) तेलही फिरत असतं, त्यामुळे गळती असेल तिथे बहुधा तेल दिसतं. आणि फिल्टर शेवटचा कधी धुतला होता?

उंबरठा

पाटीवर आर-३२, ०.९० किलो असं आहे. बारीक पाइपच्या नटाखाली काळपट चिकट ओघळ आहे, बोटाला तेल लागलं. जाड पाइपचा नट स्वच्छ आहे.

फिल्टर... ते सर्व्हिसवालेच धुतात ना, दर तीन महिन्यांनी?

पाना-पक्कड

इथे मात्र थोडं तुमच्याही पदरात घालतो. फिल्टरची जाळी घरच्यांनी धुवायची असते, रोजचा वापर असेल तर साधारण दर पंधरवड्याला. तीन महिने म्हणजे फार झाले. जाळी तुंबली की हवा कमी वाहते. मग थंडाईत (म्हणजे कूल मोडमध्ये) आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि गरमाईत उष्णता आतच कोंडून प्रेशर चढतं, मशीन स्वतःला आवरतं घेतं. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच येते, "गार होत नाही, गरम होत नाही."

तरीही तुमच्या केसमध्ये तो तेलाचा ओघळ जास्त बोलका आहे.

उंबरठा

आत्ताच बाबांच्या खोलीतली जाळी काढून पाहिली. लोकर पिंजून ठेवावी तसा थर होता. शरमेने धुतली. तो एसी आता सुस्साट चालतोय, बाबा म्हणाले, "नवा बसवलास का?" म्हणजे तीनपैकी एका मशीनबद्दलची माझी कुरबुर निकालात निघाली. माझ्या खोलीतली जाळीही धुतली, तिथे काहीच फरक नाही.

रातराणी

बर्फाबद्दल एक पुरवणी, माझी फजिती झाली होती म्हणून. आमच्या बाहेरच्या युनिटमधून सकाळी वाफ निघायची, आतला पंखा आपोआप बंद पडायचा, मध्येच "फुस्स" असा आवाज. मी तीनदा माणूस बोलावला. तिसऱ्या वेळी आलेल्या वयस्कर कारागिराने शांतपणे खुर्ची मागितली, बसला, आणि म्हणाला, "ताई, आता बघा." मशीन डीफ्रॉस्टला गेलं होतं. थोडा वेळ उलटं चालून बाहेरच्या कॉइलला गरम करतं, दव-बर्फ वितळवतं, आणि पुन्हा गरम हवा सुरू. पाच-दहा मिनिटांचा खेळ. बिघाड नव्हताच. आधीच्या दोघांनी एवढं सांगितलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. पण त्यांनी "पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) बदलावा लागेल" म्हणून सांगितलं होतं!

पाना-पक्कड

अगदी बरोबर, रातराणी. पातळ, सगळीकडे सारखं दव येऊन जातं ते ठीक. तासन्‌तास न उतरणारी लादी ठीक नाही. खालच्या तळातलं पाणी जायचं भोक पालापाचोळ्याने बुजलं असेल तरी लादी धरते, तेही बघा उंबरठाताई.

आकडेमोड

"हात धरून गार येतंय" हा प्रकार थांबवायचा असेल तर एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. मशीन थंडाईवर, सर्वांत कमी तापमान, पंखा फुल, पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) असेल तर हे महत्त्वाचं, नाहीतर तो निम्म्या जोरात चालतो आणि आकडा फसवतो. मग वरून जिथे हवा आत ओढली जाते तिथलं तापमान आणि खालून जी हवा बाहेर येते तिचं तापमान घ्या. फरक साधारण ८ ते १२ अंश हवा. दमटपणा खूप असेल तर कमी येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

तुमच्याकडे तर तीन सारखी मशीन आहेत! एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावा.

अवांतर: "दीड टनी" म्हणजे मशीनचं वजन नव्हे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एक टन म्हणजे २,००० पौंड, साधारण ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी उचलण्याची ताकद. तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं जुनं माप), म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. बर्फाच्या लाद्यांचा धंदा होता त्या काळातलं माप अजून चालू आहे.

सावळागोंधळ

म्हणजे उंबरठाताईंचा एसी मूळ परंपरेला जागतोय. बर्फ तयार करून दाखवतोय.

खरखर

मी थोडा वेगळा सूर लावतो. इथे सगळे त्या मुलावर तुटून पडलेत. माझा भाऊ हे काम करत होता. सीझनमध्ये दिवसाला दहा-बारा कॉल, पगार कॉलवर, बाहेरचं युनिट चौथ्या मजल्याच्या गजाला लटकलेलं, सेफ्टी बेल्ट नाही. धुलाई नीट करायची तर एका मशीनला पाऊण तास लागतो. तीन मशीनना किती झाले? तेवढ्यात त्याचे तीन कॉल बुडतात. भेटींची संख्या कंत्राटदार विकतो, जीव त्या मुलाचा जातो. तो बाहेर गेला नाही हे चूकच, पण "वापरला की संपतो" हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं.

उंबरठा

खरखर, हे मनाला लागलं. माझा राग त्या मुलावर नाही, आणि असला तर नसायला हवा. त्याने सही मागताना नजर चुकवली होती, ते मला आठवतंय. पण मग दाद मागायची कुणाकडे? फोनवर बोलणारी मुलगीही नोकरीच करते.

बारीक अक्षर

फोनवर मागूच नका. लेखी मागा. आधी कंत्राटाचा कागद काढा आणि त्यात नेमकं काय विकत घेतलंय ते बघा. अशी कंत्राटं ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक सर्वसमावेशक, त्यात सुटे भाग धरलेले असतात. दुसरं नुसत्या मजुरीचं. आणि सर्वसमावेशक म्हटलं तरी मागच्या पानावर "वगळून" या शब्दानंतर एक लांबलचक शेपूट असतं: गॅस, पीसीबी, कॉम्प्रेसर, कधीकधी कॉइलसुद्धा. म्हणजे ज्यासाठी माणूस कंत्राट घेतो ते सगळं.

तुमचा मुद्दा मात्र गॅसचा करू नका. "गॅस फुकट द्या" म्हणालात की ते कलम दाखवून मोकळे होतील. मुद्दा हा करा की कंत्राटात "तपासणी" लिहिलेली आहे आणि तपासणी झालेली नाही. दोनदा गॅस भरला, दोन्ही बिलांच्या तारखा द्या. दोन्ही वेळा गळती कुठे आहे हे लिहून दिलेलं नाही. तेलाच्या ओघळाचा फोटो जोडा. त्या जाळ्याचा फोटो काढला असेल तर तोही, तारखेसह.

आणि इथून पुढे सही करताना कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं, "बाहेरच्या युनिटची तपासणी झाली नाही", मग खाली सही. सही नाकारली की वाद होतो. शेरा मारून सही केली की त्यांना वाचावं लागतं.

उंबरठा

कागद काढला. "वर्षातून चार प्रतिबंधात्मक भेटी" असं आहे. भेटीत काय करायचं याची यादी आहे, पण आकडा एकही नाही. "गॅस प्रेशर तपासणे." किती असावं, किती निघालं, काही नाही.

आकडेमोड यांचा प्रयोग केला. दुपारी बंद काचेमागे ऊन साठून खोली तापली होती, थंडाईवर चालवलं. बैठकीतला एसी: आत जाणारी हवा २७, येणारी १६. फरक ११. माझ्या खोलीतला: २७ आणि २२. फरक ५. दोन्ही जाळ्या आदल्या दिवशीच धुतलेल्या. आणि बाहेर, बारीक पाइपवर नटापाशी पांढरं दव गोठलेलं दिसलं.

पाना-पक्कड

बारीक पाइपवर गोठणं म्हणजे गॅस कमी असल्याची आमच्या धंद्यातली जुनी खूण. बहुतेक स्प्लिटमध्ये प्रेशर पाडणारा भाग बाहेरच्या युनिटमध्ये असतो, म्हणून ती थंडी आधी तिथे दिसते. जाड पाइपपर्यंत बर्फ आला असता तर मी आधी हवेचा रस्ता तपासला असता.

आता ते आले की काय होऊ द्यायचं ते सांगतो. गेज लावून "इतकं प्रेशर आहे, आणखी थोडा मारतो" हे इन्व्हर्टरवर चालत नाही. कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसं प्रेशरही बदलतं, म्हणून गॅस वजनानेच भरायचा. आहे तो गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. आर-३२ मंदपणे का होईना, पेटू शकणारा गॅस आहे. गळती झाळायची वेळ आली तर आत गॅस असताना ज्योतीचा टॉर्च लावणारा माणूस घराबाहेर काढा, अगदी बेलाशक.

काढलेला गॅस काट्यावर ठेवला की खोटं बोलायला जागा उरत नाही. मग तो नट उघडून नळीचं नरसाळ्यासारखं पसरलेलं तोंड बघायचं. बऱ्याचदा बसवताना कुणीतरी ताकद दाखवलेली असते आणि ते तोंड चिरलेलं असतं. पाव इंची नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटरचा पिळा पुरतो, त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. पण आपल्याकडे "दाबून बसव" हेच माप. तोंड कापून नवं करायचं, नायट्रोजन भरून प्रेशर धरून ठेवायचं, फेसाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मग व्हॅक्यूम पंप, ५०० मायक्रॉनच्या खाली (इथे मायक्रॉन हे दाबाचं माप). साध्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, यावरून किती खाली जायचं ते कळेल. नळीत ओल राहिली तर पुढे तेल खराब होतं, कॉम्प्रेसरवर बेततं. हे सगळं झालं की पाटीवरचे ९०० ग्रॅम. पाइप लांबवलेला असेल तर मीटरमागे किती जादा ते मॅन्युअलमध्ये बघून.

नीट केलं तर अर्धा दिवस जातो. वीस मिनिटांत "झालं" म्हणाला तर झालेलं नाही.

हवापालट

हे बाजूला सेव्ह करून ठेवतोय. आमचा पण दर उन्हाळ्यात "थोडा कमी" होतो.

उंबरठा

अपडेट. उशीर झाला, पण सांगण्यासारखं आहे.

बारीक अक्षर यांनी सांगितल्याप्रमाणे मेल लिहिला. गॅस मागितला नाही, तपासणी मागितली. फोटो, दोन तारखा, ११ आणि ५ हे आकडे. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी फोन आला, या वेळी कुणी सुपरवायझर. आवाज एकदम मऊ. "मॅडम, आपण स्वतः इंजिनिअर आहात का?" मी म्हटलं, नाही, माझ्याकडे थर्मामीटर आहे.

दोन माणसं आली. त्यातले एक म्हणजे पहिल्या वर्षीचेच गृहस्थ! मला ओळखलं, आधी बाबांची चौकशी केली. वजनकाटा बरोबर होता. काढलेल्या गॅसचं वजन निघालं ५४० ग्रॅम. पाना-पक्कड, तुम्ही म्हणालात तसंच, बारीक पाइपचं तोंड केसाएवढं चिरलेलं. त्यांनी मला बोलावून दाखवलं, म्हणाले, "हे पहिल्या दिवसापासूनचं असणार, हळूहळू वाढलं." म्हणजे त्यांच्याच हातून पहिल्या वर्षी सुटलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःहून कबूल केलं. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. साडेतीन तास लागले. शेवटी २७ आणि १६. तळातलं भोकही बुजलेलं होतं, तारेने मोकळं केलं. त्यानंतर लादी धरलेली नाही. सकाळी थोडं दव येतं आणि जातं, मी रातराणींची आठवण काढते.

पैशांचं: दुसऱ्या वेळच्या गॅसचं बिल पुढच्या हप्त्यातून वळतं करणार आहेत, लेखी दिलंय. पहिल्या बिलाबद्दल हात वर केले. "तेव्हा गळती आहे हे निश्चित नव्हतं." मी अजून भांडतेय.

बारीक अक्षर

भांडा. पहिल्या वेळी गळती निश्चित नव्हती, कारण शोधलीच नव्हती. हे वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये टाका.

खरखर

पहिल्या वर्षीचे ते गृहस्थ आता कुठे असतात, ते विचारलंत का?

उंबरठा

विचारलं. त्यांना "मोठ्या तक्रारींवर" ठेवलंय. साधी सर्व्हिस नव्या मुलांकडे.

आणि हो, एक राहिलंच. काल नियमित भेट होती, तोच वीस मिनिटांवाला मुलगा. या वेळी कागदावर दोन नवे रकाने आलेत, "आत जाणारी हवा" आणि "येणारी हवा". मुलगा दारातच घुटमळला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचा तो थर्मामीटर जरा देता का? आम्हाला अजून दिलेला नाही."